पंधराशेचे पंचाण्णवशे: एआयची सर्व्हिस कंपनी चालवताना काय काय झालं

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी मागितलं म्हणून टाकतोय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' निम्मे कापलेत, निम्मे राहिलेत. सांभाळून घ्या.)



गेले काही महिने एक प्रश्न सारखा येतोय. "दादा, एआयची सर्व्हिस कंपनी काढायची आहे, कुठून सुरुवात करू?" विचारणारे बहुतेक जण माझ्यासारखेच. बीटेक झालंय, तीन-चार वर्षं नोकरी झालीये, हाताला कोडिंग आहे आणि घरी अजून काही सांगितलेलं नाही.

मी यशस्वी वगैरे माणूस नाही. आमची कंपनी नऊ जणांची आहे, नफा तुटपुंजा आहे आणि दर महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर मला अजूनही झोप कमी लागते. पण आम्ही एक चूक केली, मोठी केली, आणि तिच्यातून वाचलो. आज तीच गोष्ट सांगतो. आकडे सांगतो. कुणाचं नाव घेणार नाही, कारण त्यातला कुठलाच माणूस वाईट नव्हता.

सुरुवात

माझं गाव कराडजवळ. वडील एसटीत कंडक्टर होते. बीटेक झाल्यावर हिंजवडीत एका कंपनीत लागलो. काम काय, तर परदेशातल्या क्लायंटसाठी जुन्या सिस्टिमची देखभाल. वाईट काही नव्हतं, पगार वेळेवर यायचा.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ऑफिसच्या कँटीनमध्ये दुसरा विषयच नव्हता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी आणि माझा रूममेट, दोघांनी राजीनामा दिला. डोक्यात हिशोब साधा होता. पुणे म्हणजे सर्व्हिस कंपन्यांचं गाव. इन्फोसिससुद्धा १९८१ मध्ये पुण्यातच सुरू झाली. त्या कंपन्या माणसांचे तास विकत आल्या. आता मॉडेल काम करणार, म्हणजे आपण दोघं मिळून वीस माणसांचं काम विकू. असं आम्हाला वाटलं होतं.

पहिले चार महिने आम्ही काय केलं? डेमो. बिल्डरसाठी चॅटबॉट, क्लाससाठी प्रश्नपत्रिका काढणारं काहीतरी, एका डॉक्टरांसाठी अपॉइंटमेंट घेणारा आवाज. सगळ्यांना आवडायचं. "वा, भारी आहे" म्हणायचे, चहा पाजायचे आणि पुन्हा फोन करायचे नाहीत. चार महिन्यांत दोघांची मिळून कमाई ३८,००० रुपये. त्यातले १२,००० अजून यायचेत.

तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतंय. एआयचा डेमो हा जगातला सगळ्यात सोपा डेमो आहे. तुम्ही निवडलेला कागद, तुम्ही विचारलेला प्रश्न, आणि उत्तर चुकलं तर तुम्हीच हसून पुढे जाता. समोरच्याचं त्यात काहीच पणाला लागलेलं नसतं.

चाकणचे शेठ

मग आम्हाला चाकणचे एक ट्रान्सपोर्टवाले भेटले. मित्राच्या मामांच्या ओळखीतून. शेठ म्हणतात सगळे त्यांना, मीपण शेठच म्हणतो. त्यांच्या गाड्या आणि बाहेरून लावलेल्या गाड्या मिळून दिवसाला शंभर-सव्वाशे फेऱ्या. महिन्याला साधारण ३,००० पोचपावत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडी माल भरून निघते तेव्हा बिल्टी बनते. माल उतरवला की तिथला स्टोअरवाला त्याच बिल्टीवर सही-शिक्का मारून देतो, वेळ लिहितो, कमी-जास्त असेल तर शेरा मारतो. ही झाली पोच. ती पोच ऑफिसला येते, तेव्हाच भाड्याचं बिल निघतं. पोच नाही तर बिल नाही. आणि या पोचवर ड्रायव्हर, हमाल, स्टोअरवाला, जो तो हाताने काहीतरी लिहितो. वाराई किती दिली, हाल्टिंग किती झालं. काही मराठीत, काही हिंदीत, आकडे कधी मराठी कधी इंग्रजी. कागदावर चहाचा डाग, घडी, डिझेलचा हात.

हे सगळं वाचून कॉम्प्युटरमध्ये टाकायचं काम एक काका करायचे. वय अठ्ठावन्न. सोबत दोन मुलं. तरी बिलं आठ-दहा दिवस मागे पडायची. आठ-दहा दिवस उशिरा बिल म्हणजे आठ-दहा दिवस उशिरा पैसे, आणि डिझेलवाला काही थांबत नाही. शेठची अडचण खरी होती.

आम्ही डेमो दाखवला. फोनवर पोचचा फोटो काढला, दहा सेकंदांत आठ रकाने भरून आले. बिल्टी नंबर, गाडी नंबर, तारीख, पोचल्याची वेळ, वजन, वाराई, हाल्टिंग, शेरा. शेठ म्हणाले, "किती बरोबर येतं?" मी म्हटलं, "९८ टक्के."

खोटं बोललो नव्हतो. आम्ही पन्नास पोचवर तपासलं होतं आणि ४०० रकान्यांपैकी ३९२ बरोबर होते. काम ठरलं. चार लाख रुपये, निम्मे आधी. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या खात्यात पहिल्यांदा मोठी रक्कम आली. मी घरी फोन केला. वडील म्हणाले, "चांगलं झालं. आता हिशोब नीट ठेव."

९८ टक्के म्हणजे किती?

इथे जरा थांबू. हे गणित मी बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला शिकलो होतो, परीक्षेत मार्कही मिळवले होते, आणि नेमकं लागलं तेव्हा केलं नाही.

एक रकाना बरोबर येण्याची शक्यता ९८ टक्के. एका पोचमध्ये आठ रकाने. पूर्ण पोच बरोबर यायची तर आठही बरोबर यायला हवेत. म्हणजे ०.९८ चा आठवा घात. उत्तर येतं ०.८५. शंभरातल्या पंधरा पोचमध्ये कुठे ना कुठे चूक. महिन्याच्या ३,००० पोच धरल्या तर साडेचारशेच्या आसपास बिलं चुकीची.

आता काकांच्याही चुका व्हायच्या. पण काकांची चूक कशी असायची? घाईत रकाना रिकामा राहिला, नंबर पुढे-मागे झाला. बघितलं की कळायचं. मॉडेलची चूक दिसायला एकदम नीटनेटकी असते. अक्षर लागलं नाही तर माणूस म्हणतो, "हे लागत नाहीये, बघा जरा." मॉडेलला सांगितलं नसेल तर ते असं म्हणत नाही. ते पुढचा सगळ्यात शक्य वाटणारा शब्द, आकडा लिहून मोकळं होतं. ते बनलंयच तसं. आणि 'तुला खात्री आहे का' असं विचारलं तर चुकीच्या उत्तरालाही हो म्हणू शकतं. त्या 'हो'वर बिल काढता येत नाही.

पंधराशेचे पंचाण्णवशे

मार्चपासून सिस्टिम चालू झाली. बिलं दुसऱ्या दिवशी निघायला लागली. शेठ खूश. काकांनी एकदा म्हटलं होतं, "बाळ, मला सगळी एकदा डोळ्याखालून घालू दे." मी म्हटलं, "काका, सगळी बघायची तर मग मशीन कशाला?" हे वाक्य मला आजही आठवतं आणि कसंतरी होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात शेठचा फोन. आवाज शांत होता, तेव्हाच मी घाबरलो. "अरे इंजिनिअर, ये जरा ऑफिसला."

झालं काय होतं, तर त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक कंपनीने त्या महिन्याची सगळी बिलं अडकवली होती. ३१ लाख रुपये. कारण ऑडिटमध्ये अकरा बिलांत हाल्टिंग जास्त लावलेलं सापडलं. प्रत्येक ठिकाणी पंधराशेऐवजी पंचाण्णवशे. ८,००० जास्त, अकरा वेळा. ८८,००० रुपये. कंपनीच्या माणसाने सरळ म्हटलं होतं की तुमचं ऑफिस बनावट बिलं करतंय असं आम्ही धरून चालतो, मागचं सगळं तपासेपर्यंत पैसे मिळणार नाहीत.

मी त्या अकरा पोच समोर ठेवल्या. सगळ्यांवर एकाच गेटवरच्या एकाच माणसाचं अक्षर. तो आकडे मराठीत लिहायचा. आणि हाताने घाईत लिहिलेला मराठी एक, वर गोल आणि खाली शेपटी, अगदी इंग्रजी नऊसारखा दिसतो. मॉडेलने त्याला नऊ वाचलं. पुढचा पाच आणि दोन शून्य बरोबर वाचले. आमच्या पन्नास पोचच्या तपासणीत त्या गेटची एकही पोच नव्हती.

काका खुर्चीत बसून बघत होते. त्यांनी एक पोच उचलली आणि म्हणाले, "आपलं हाल्टिंग दिवसाला पंधराशे. पंधराशेच्या पाढ्यात पंचाण्णवशे येतंच कुठे? सहा दिवसांचे नऊ हजार, सात दिवसांचे साडेदहा. आणि ही गाडी दुसऱ्या दिवशी रांजणगावला भरलेली आहे, मीच बिल्टी काढली होती."

माझ्या दोन महिन्यांच्या कोडमध्ये पंधराशेचा पाढा नव्हता.

शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "माझ्या बापाने चाळीस वर्षं या कंपनीचं काम केलं. चोर कधी कुणी म्हटलं नव्हतं." बस, एवढंच.

ते पैसे सुटायला चाळीस दिवस लागले. तेवढ्यात शेठनी ओव्हरड्राफ्ट उचलला, बाहेरच्या गाडीवाल्यांना थांबवलं. त्यातला एक जण हप्ता चुकला म्हणून माझ्यासमोर ऑफिसात भांडून गेला. माझी त्याची ओळख नाही, पण त्याचा हप्ता माझ्यामुळे चुकला होता.

आमचे उरलेले दोन लाख मागायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा आम्ही दोन मुलं कामावर घेतली होती, त्यांचा पगार द्यायचा होता. मी घरी सांगितलं. वडिलांनी रिटायरमेंटच्या पैशातली दीड लाखाची एफडी मोडली. काही बोलले नाहीत. नंतर फक्त एवढं म्हणाले की ड्युटी संपली की डेपोत वेबिल आणि पैसे जुळवूनच घरी यायचं असतं, कमी भरलं तर खिशातून. "तिकीट फाडणं म्हणजे निम्मं काम. तू निम्म्यावरच घरी आलास."

मग काय बदललं

मी आणि माझा पार्टनर पुढचे सहा आठवडे रोज चाकणला जाऊन बसलो. फुकट. सगळ्या जुन्या पोच काकांबरोबर पुन्हा तपासल्या, कंपनीला खुलासा लिहून दिला, चूक आमच्या सिस्टिमची आहे हे आमच्या लेटरहेडवर सही करून दिलं. पार्टनर म्हणत होता की लेखी देऊ नको, उद्या केस होईल. मला वाटलं, शेठवरचा चोरीचा शिक्का निघायचा असेल तर दुसरा मार्ग नाही. आणि त्या सहा आठवड्यांत आमची आताची कंपनी तयार झाली. चार गोष्टी केल्या.

एक, परीक्षेचा गठ्ठा. वेगवेगळ्या गेटच्या, वेगवेगळ्या अक्षरांच्या, मुद्दाम वाईट अशा ४०० पोच निवडल्या. त्यांची बरोबर उत्तरं काकांनी बसून लिहिली. आता प्रॉम्प्टमध्ये एक शब्द बदलला तरी आधी या चारशेवर चालवायचं. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याचा वेगळा गठ्ठा, आणि तो होईपर्यंत किती टक्के बरोबर येईल हे सांगायचं नाही.

दोन, काकांचे नियम. हाल्टिंग पंधराशेच्या पटीत नसेल तर थांबव. गाडीच्या क्षमतेपेक्षा वजन जास्त दिसलं तर थांबव. पोचल्याची तारीख निघाल्याच्या आधीची असेल तर थांबव. तीच गाडी त्याच वेळी दुसऱ्या बिल्टीवर असेल तर थांबव. असे ६२ नियम निघाले. यात एआय काही नाही, साधं जर-तर आहे. पण हे ६२ नियम इंटरनेटवर कुठे लिहिलेले नाहीत, म्हणून मॉडेलला माहीत असायचा प्रश्नच नाही. आमच्या कंपनीची खरी मिळकत म्हणाल तर ती हीच.

तीन, 'लागत नाही' म्हणायची सोय. प्रत्येक पोच दोनदा, दोन वेगळ्या मॉडेलकडून वाचून घ्यायची. दोघांचं जुळलं आणि नियम पास झाले तरच पुढे. नाहीतर माणसाकडे. आज आमच्याकडे साधारण चारातली एक पोच माणसाकडे जाते. डेमोत हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. पडू दे.

चार, पैसे घ्यायची पद्धत. आधी आम्ही 'सॉफ्टवेअर बनवून देतो, चार लाख' असं विकत होतो. बनवून दिलं की आमचं काम संपलं, आणि नेमकं तिथूनच गिऱ्हाईकाचं सुरू व्हायचं. आता आम्ही तपासलेल्या पोचमागे १२ रुपये घेतो. चूक सापडली तर त्या पोचचे पैसे नाहीत, दुरुस्ती आमच्याकडे. यात गंमत अशी की आता अचूकपणा वाढवण्यात आमचा स्वतःचा फायदा आहे. माणसाकडे कमी पोच गेल्या तर आमचा खर्च वाचतो, पण चुकीची सोडली तर अंगावर येते. दोन्ही टोकं आमच्याच हातात.

काकांचं काय झालं?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि यायलाच पाहिजे.

सोबतच्या दोन मुलांपैकी एकाला शेठनी गाड्यांच्या ट्रॅकिंगवर घेतलं. दुसऱ्याला काम उरलं नाही. त्याला मी आमच्याकडे बोलावलं होतं, पण चाकणहून कोथरूडला रोज येणं त्याला परवडणारं नव्हतं. आता तो कुठल्याशा गोदामात आहे असं ऐकलं. एआयमुळे कुणाचीच नोकरी जात नाही, उलट नव्या येतात, असं स्टेजवरून बोलणारे खूप आहेत. मला तसं बोलता येत नाही, कारण एक मुलगा मला माहीत आहे.

काका अजून शेठकडेच आहेत. आणि आठवड्यातून एक दिवस आमच्या ऑफिसला येतात, मानधन घेऊन. नवीन गिऱ्हाईकाचे कागद आधी ते बघतात आणि आम्हाला सांगतात की इथे घोळ होणार. आमची तपासणी करणारी तीन मुलं-मुली त्यांच्याच हाताखाली तयार झाली. त्यातली एक बारावी कॉमर्स आहे आणि आमच्या इंजिनिअरांपेक्षा जास्त चुका पकडते.

पैसे, म्हणजे खरंच आलेले पैसे

तंत्रज्ञानावर सगळे बोलतात, वसुलीवर कुणी बोलत नाही. थोडं बोलतो.

बिल फाडलं की जीएसटी भरायची जबाबदारी सुरू होते, पैसे आले असोत वा नसोत. आपल्या कामावर १८ टक्के. म्हणजे एक लाखाचं बिल, त्यावर १८,००० जीएसटी, गिऱ्हाईक तीन महिन्यांनी देणार आणि सरकारला आपण आत्ता देणार. शिवाय टीडीएस कापला जातो. कुणी तांत्रिक सेवा म्हणून २ टक्के कापतो, कुणी व्यावसायिक सेवा म्हणून १० टक्के. परतावा मिळतो, पण रिटर्न भरल्यावर. तोपर्यंत पगार कशातून द्यायचा?

म्हणून तीन कामं पहिल्याच महिन्यात करा. उद्यम नोंदणी करा, ती ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. ती झाली की २००६ च्या एमएसएमई कायद्याचं संरक्षण लागू होतं. लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि असेसमेंट वर्ष २०२४-२५ पासून आयकरात अशी तरतूद आली की मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. मी व्याज कधीच मागितलं नाही, मागणारही नाही. पण बिलाच्या खाली उद्यम नंबर छापलेला असला की मार्च महिन्यात अकाउंटवाल्यांचे फोन आपोआप येतात. हा अनुभव आहे.

दुसरं, थोडे का होईना, पैसे आधी घ्या. आम्ही आता महिन्याचं किमान शुल्क आगाऊ घेतो. तिसरं, कंपनीचं खातं आणि आपलं खातं वेगळं ठेवा. आम्ही सहा महिने ठेवलं नव्हतं आणि नंतर सीएंनी जे सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

वाढवायचं कसं

शेठचं काम सावरल्यावर त्यांनीच दुसऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला आमचं नाव सांगितलं. मी विचारलं, "शेठ, एवढं होऊनही?" म्हणाले, "चूक सगळेच करतात. लेटरहेडवर लिहून देणारा पहिल्यांदा पाहिला." त्या एका वाक्याने आम्हाला जेवढं काम मिळालं तेवढं वेबसाइटने, लिंक्डइनने मिळून दिलं नाही.

आज सोळा ट्रान्सपोर्ट ऑफिसं आहेत. चाकण, भोसरी, रांजणगाव, नाशिकचं सातपूर, अंबड. महिन्याला साधारण ४२,००० पोच. आम्ही पोच आणि बिल सोडून दुसरं काम घेत नाही. मध्ये एका हॉस्पिटलचं मोठं काम आलं होतं, रिपोर्ट वाचायचं. पैसे तिप्पट. दोन दिवस झोपलो नाही, मग नाही म्हटलं. ट्रान्सपोर्टमध्ये चूक झाली तर पैसे अडकतात, आणि तिथला काकांसारखा माणूस आमच्याकडे नव्हता. ६२ नियम कोण सांगणार?

पहिल्या गिऱ्हाईकाला सुरू करायला आम्हाला पाच महिने लागले, सोळाव्याला नऊ दिवस. ही खरी वाढ. दर वेळी नवीन धंद्यात उडी मारली असती तर प्रत्येक वेळी पाच महिनेच लागले असते आणि नवाचे तीस लोक करूनही तिथेच राहिलो असतो.

अजून एक. आपल्या पायाखालची जमीन दुसऱ्याची आहे हे विसरू नका. मॉडेल आपलं नाही. ते देणाऱ्या कंपन्या जुनी आवृत्ती नोटीस देऊन बंद करतात, आणि नवी जास्त हुशार असली तरी तुमच्या कागदावर ती वेगळं वागू शकते. तेव्हा तो चारशेचा गठ्ठा कामाला येतो. कधीकधी बदल फायद्याचाही असतो. मॉडेल मजकूर तुकड्यांत मोडून वाचतं, त्याला टोकन म्हणतात, आणि पैसे टोकनवर लागतात. मराठीला हे तुकडे इंग्रजीपेक्षा खूप जास्त लागायचे. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-फोर-ओ आणलं तेव्हा त्यांनीच दिलेल्या उदाहरणात एक मराठी वाक्य ९६ टोकनवरून ३३ वर आलं होतं. आम्ही काही न करता मराठी शेरे वाचायचा खर्च उतरला. पण जे काही न करता मिळतं ते शेजारच्यालाही मिळतं. त्याच्यावर कंपनी उभी करू नका.

आणि पोचवर ड्रायव्हरचं नाव, मोबाईल नंबर असतो. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झालाय. गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून आपण बेफिकीर राहायचं नाही. आम्ही नंबराचा भाग झाकूनच फोटो मॉडेलकडे पाठवतो. दोन दिवसांचं काम होतं ते.

शेवटी

सुरुवातीचा प्रश्न, कुठून सुरुवात करू? माझं उत्तर असं की कोड लिहायच्या आधी एक ऑफिस शोधा, जिथे कागद साचलेत, आणि तिथल्या काकांच्या शेजारी दोन आठवडे बसा. ते कुठे थांबतात, कशाला हसतात, कुठला कागद बाजूला काढून ठेवतात, लिहून घ्या. त्यांनी "डोळ्याखालून घालू दे" म्हटलं तर घालू द्या.

वडिलांचे दीड लाख मी यंदाच्या दिवाळीत परत केले, व्याजासकट. त्यांनी मोजून घेतले. दोनदा.

या भागात एवढंच. तुमच्या कामात अशी एखादी पंधराशेचे पंचाण्णवशे झालेली गोष्ट असेल तर मला नक्की कळवा, पुढच्या एखाद्या भागात नाव न घेता सांगू. भेटू पुन्हा. काळजी घ्या, आणि बिलं वेळेवर पाठवा.